शेवटचा ट्रॅक आणि पप्पांचा उजवा कान

आमच्या बँडचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना ते उच्चारता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना लाज वाटते. आम्ही तिघं. गिटारवाला उल्हासनगर कॅम्प दोनचा, सिंधी, बापाचा जीन्सचा धंदा. पत्रेवाला बदलापूरजवळच्या सोनिवलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. तो ड्रमऐवजी लोखंडी पत्रे आणि पिंपं बडवतो. आणि मी अंबरनाथची, आवाज रेकॉर्ड करून त्यांची चिरफाड करणारी. आम्ही जे वाजवतो त्याला इंडस्ट्रियल म्हणतात. माझी आई त्याला 'भंगारवाला आला' म्हणते, आणि खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकत नाही.

पहिला आल्बम आम्ही कॅम्प तीनमध्ये केला. गिटारवाल्याच्या वडिलांच्या शिलाई कारखान्यामागची एक खोली रिकामी पडली होती. तिच्या भिंतींना आम्ही जीन्सच्या कतरणीची पोती छतापर्यंत रचून लावली. कापड कापून उरलेले ते तुकडे तिथे कुणालाच नको असतात, फुकट मिळतात आणि आवाज असा गिळतात की खोलीत शिरल्यावर आपला श्वास ऐकू यायला लागतो. बाहेर दिवसभर ओव्हरलॉक मशिनी खडखडायच्या, बटणं ठोकायची मशीन टाक टाक करायची. तेच आवाज आम्ही आत आणून ताणले, उलटे केले, एकावर एक चढवले. कारागिरांना वाटायचं, मालकाच्या पोराला काहीतरी झालंय. ते दार लोटून डोकावायचे, ऐकायचे आणि 'ये तो अपना ही मशीन है' म्हणून हसत निघून जायचे.

सगळे ट्रॅक झाले, शेवटचा राहिला. तो पॉवर प्रेसवर बांधायचा होता. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, पॅडल दाबायचं, वरून कित्येक टनांचा ठोका पडतो आणि सपाट पत्र्याची वाटी होते. त्या ठोक्यासमोर माझे वडील आयुष्यभर उभे राहिले. मी लहान असताना डबा द्यायला जायचे तेव्हा तो ठोका शेडच्या बाहेर, रस्त्यावरच तळपायातून वर यायचा. मला आल्बमचा शेवट तोच हवा होता. दुसऱ्या कुणाच्या प्रेसचा, इंटरनेटवरून उचललेला ठोका मी वापरून पाहिला. जीव नव्हता त्यात.

अडचण होती ती पप्पांच्या कानाची. डावा कान नोकरीत असतानाच गेला होता. उजवा अर्धामुर्धा उरला होता, आणि कानाच्या डॉक्टरांनी मागच्या तपासणीत स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते जपा, मोठ्या आवाजाजवळ जाऊ नका. तेव्हापासून आमच्या घरात त्या उजव्या कानाची सरबराई सुरू झाली. कुकर लावला की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. गल्लीत वरातीचा बेंजो आला की ती पप्पांना आतल्या खोलीत पिटाळायची आणि खिडक्या बंद करायची. लग्नाला गेलो तर डीजेकडे पाठ करून सगळ्यात लांबची खुर्ची. त्या एका कानातून अजून बरंच काही आत जायचं होतं. माझ्या भावाची मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

मी पप्पांच्या जुन्या शेडच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, दिवाळीनंतर जुन्या प्रेस भंगारात निघणार आहेत, त्याआधी कधीही ये. फक्त एक अट. "मशीनला बाहेरच्याचा हात लागणार नाही. तुझे वडील चालवणार असतील तर ये." अपघाताची भीती त्यांना होती, त्यात काही वावगं नव्हतं. मी गुपचूप नाद सोडून दिला असता. पण मालकांनी पप्पांच्या एका जुन्या सोबत्याला सांगितलं, त्याने बाजारात पप्पांना गाठलं, आणि पप्पा भाजीची पिशवी घेऊन घरी आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"मला का नाही विचारलंस?"

"कान, पप्पा," मी माझ्या कानाला हात लावून म्हणाले.

"माझा आहे ना?"

आईने कणकेच्या हातांनीच बाहेर येऊन जो तोंडाचा पट्टा सोडला तो मी लिहीत नाही. सार एवढंच की, या वयात हौस सुचते, पोरीला अक्कल नाही आणि बापाला तर कधीच नव्हती. पप्पा तिच्या तोंडाकडे बघत शांतपणे सगळं ऐकून घेत होते. शेवटी तह झाला. कानात कापूस, वर हेडफोनसारखे दिसणारे कान झाकायचे मफ, आणि एकच टेक, म्हणजे एकदाच रेकॉर्डिंग. "एकच," आईने त्यांच्या नाकासमोर बोट धरून सांगितलं.

आमच्या घरची एक रीत इथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रेस शॉपमध्ये बोलून काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. हवेत मूठ धरली की थांबव. तळहात खाली दोनदा हलवला की चालू कर. कॉलर ओढली की साहेब येतोय. ओठांजवळ अंगठा नेला की चहा. पप्पांनी ही भाषा घरी आणली आणि आम्ही तिच्यात वाढलो. आई स्वयंपाकघराच्या दारातून चिमूट दाखवायची, म्हणजे भाजीत मीठ बघा. आमच्याकडे कुणी कुणाला पाठीमागून हाक मारत नाही. आधी खांद्याला हात लावायचा, समोर यायचं, मग बोलायचं. शेजाऱ्यांना यात शिस्त दिसायची, पाहुण्यांना गंमत वाटायची. आम्हाला यात काहीच वाटायचं नाही. स्टुडिओतसुद्धा टेक चालू असताना आम्ही तिघं याच खुणा वापरायचो, मीच शिकवल्या होत्या. गिटारवाला तर आपल्या घरी चहासुद्धा अंगठ्याने मागायला लागला होता.

टेकसाठी शुक्रवार ठरवला. शुक्रवार हा आमच्याकडच्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. एरवी त्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेसचा आवाज वेगळा काढणं म्हणजे गाढवाच्या कळपात एका गाढवाचं ओरडणं शोधणं. कारखान्यांच्या आवाजाचा आल्बम कारखाने बंद असतानाच रेकॉर्ड होतो, हे मला या कामाने शिकवलं.

सकाळी आम्ही शेडमध्ये पोहोचलो. वॉचमनने कुलूप उघडलं. आत तेलाचा आणि लोखंडाचा तोच वास. पप्पा आत शिरले आणि त्यांची चालच बदलली. घरी ते भिंतीच्या कडेने चालतात. इथे मधोमध, दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यातून, हात मागे बांधून गेले, आपल्या प्रेसपाशी थांबले आणि तिच्या अंगावर हात टेकवला. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. मी मनात सारखा एकच हिशेब मांडत होते की कापूस, मफ, एक टेक, आणि ताबडतोब घरी.

माझं माईक लावणं चालू होतं. एक प्रेसजवळ, एक खाली काँक्रीटवर, एक लांब दाराशी. गिटारवाला वायरी ओढत होता आणि नेहमीप्रमाणे बडबडत होता. "अंकल एकदम हिरो लगते है ना? फोटो काढू का?" पत्रेवाला आपले पत्रे टेम्पोतून उतरवून भिंतीशी उभे करत होता, प्रेसच्या ठोक्यांवर त्याला ते वाजवायचे होते. पप्पांची पाठ आमच्याकडे होती. ते चिंधीने डाय पुसत होते. अजून कापूस घातलेला नव्हता, मफ माझ्या बॅगेत होते.

आणि पत्र्यांची सगळी चळत सरकली.

बंद शेडमध्ये, सुट्टीच्या शांततेत, सात-आठ लोखंडी पत्रे काँक्रीटवर आपटले तर काय होतं ते लिहून सांगता येणार नाही. माझ्या हातातला माईक सुटला. गिटारवाल्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. छपराच्या कैचीवरची कबुतरं फडफडत उठली. गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. पत्रेवाला ओरडला, "अरे देवा, कुनाला लागला का?" आवाज भिंतींवर आपटून परत परत येत राहिला.

पप्पा डाय पुसत होते.

खांदासुद्धा हलला नाही. चिंधी गोल फिरत होती, आधी जशी फिरत होती तशीच, त्याच लयीत. आम्ही चौघं त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिलो. मग एक कबुतर त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं, त्यांनी मान वर केली, आणि मागे वळून बघितलं. जमिनीवर पसरलेले पत्रे बघितले. वॉचमनला बघितलं. आणि मला.

मला राग आला. आधी रागच आला, रडू नंतर. जो कान जपण्यासाठी आम्ही घरात मांजरासारखं वावरत होतो तो कान नव्हताच. आणि मला, या माणसाच्या मुलीला, दिवसभर आवाजच ऐकणाऱ्या बाईला, ते कळलं नव्हतं. कळणार कसं? आमच्या घरात सगळे समोर येऊन, ओठ दाखवून, हात हलवून बोलतात. ज्या घरात पाठीमागून हाकच मारायची नाही असा नियम आहे, तिथे माणूस ठार बहिरा झाला तरी कुणाला पत्ता लागत नाही. गेल्या वेळी डॉक्टरांची तारीख आली तेव्हा त्यांना अचानक ताप का आला होता, तेही आत्ता कळलं.

मी त्यांच्यासमोर गेले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "कधीपासून?"

ते चिंधीची घडी करत राहिले. मग मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "झाले काही महिने."

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय होणार होतं? तुमचे चेहरे पडले असते." चिंधी प्रेसवर ठेवून म्हणाले, "आईला सांगायचं नाही. ती खिडक्या बंद करते, करू दे. तिला वाटतंय अजून वाचवता येईल."

पत्रेवाला मागे आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आपुन नको करूया. काकांना ऱ्हावदे. दुसरा कायतरी बघू." पण पप्पांनी त्याचे ओठ वाचले. पप्पांनी पाऊल पुढे टाकलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता कशाला घाबरतोस? जायचं ते गेलं. आता तरी मनसोक्त चालवू दे." आणि माझ्याकडे वळून तळहात दोनदा खाली हलवला.

मी तरी त्यांच्या कानावर मफ चढवले. कशासाठी ते मला ठाऊक नाही. त्यांनी मान खाली केली, आई टोपरं बांधताना मूल करतं तशी, आणि चढवू दिले.

प्रेसची मोटर सुरू झाली. मोठं चाक फिरायला लागलं. मी हेडफोन लावून रेकॉर्डरसमोर बसले आणि तेव्हा मला खरी भीती कळली. आतापर्यंत मला कानाची काळजी होती. प्रेस चालवणारा माणूस बोटं वाचवतो ती डोळ्यांनी आणि कानांनी, हे पप्पांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. डाय जरा सरकली की ठोक्याचा आवाज बदलतो, आणि तो बदल ऐकून हात मागे घ्यायचा असतो. त्यांच्याबरोबरच्या कितीतरी माणसांना एखादं बोट कमी होतं. पप्पांची सगळी शाबूत होती. आणि आता ते काहीही ऐकू येत नसताना पत्रा आत सारत होते, पॅडल दाबत होते, हात बाहेर काढत होते.

पहिला ठोका पडला. काँक्रीटवरच्या माईकने तो मला मणक्यातून दिला. दुसरा. तिसरा. पत्रेवाल्याने पाचव्या-सहाव्यानंतर आपला पत्रा वाजवायला घेतला. गिटारवाला खाली मान घालून अॅम्पमधून एक लांब करवतीसारखा सूर काढत होता, पण डोळे त्याचेही पप्पांच्या हातांवर होते. मला रेकॉर्डरच्या काट्यांकडे बघायला हवं होतं, आवाज लाल रेषेच्या वर जात होता हे मला ऐकू येत होतं. मी बघितलं नाही. मी फक्त ती बोटं बघत होते. आत, बाहेर. आत, बाहेर. प्रत्येक वेळी बाहेर आली की मी श्वास सोडायचे.

मध्येच त्यांनी मूठ वर केली. आम्ही तिघं जिथल्या तिथे थांबलो. ते वाकले, पॅडलवरचा पाय काढला, डायला तळहात लावून क्षणभर तसेच राहिले, तिरका बसलेला पत्रा काढून टाकला, नवा ठेवला. बोटं बघितली मी, सगळी होती. मग तळहात दोनदा खाली, आणि पुन्हा ठोका.

तो थांबा आल्बममध्ये आहे. आवाज फाटलाय तोही आहे. ज्यांनी ऐकला त्यांच्यापैकी काहींनी विचारलं की शेवटच्या ट्रॅकला एवढं जीवघेणं डिस्टॉर्शन कसं आणलं, आणि मधली शांतता अगदी नेमकी कशी सुचली. गिटारवाला अशा वेळी 'आर्ट है भाई' म्हणून मोकळा होतो.

टेक संपला. पप्पांनी मोटर बंद केली, चाक पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले, आणि मफ काढून माझ्या हातात दिले. घामाने ओले झाले होते. "आलं का चांगलं?" त्यांनी विचारलं. मी अंगठा वर केला. ते हसले. असं हसलेलं मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं, आणि मला तो सबंध दिवस माफ करावासा वाटला.

रिक्षाने घरी येताना मी ठरवत होते की आईसमोर चेहरा कसा ठेवायचा. आई ओट्याशी उभी होती. पप्पा हातपाय धुऊन पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले, दाराकडे पाठ करून, आणि पेपर उघडला. आईने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा मला ठेवता आला नसावा.

ती दारात, त्यांच्या बरोबर पाठीमागे येऊन उभी राहिली. हातभर अंतर. आणि नेहमीच्या आवाजात, खुणा न करता, कुजबुजही न करता म्हणाली, "कळलं वाटतं तुला."

पप्पांनी पेपरचं पान उलटलं.

"तुला माहीत होतं?"

"पावसाळ्याच्या आधीपासून," ती म्हणाली. "मी आतून काही बोलले की हे बाहेरून उलट बोलायचे. तीस-पस्तीस वर्षं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भांडलोय आम्ही. एक दिवस मी शिव्या घातल्या आणि बाहेरून काही आलंच नाही. मला वाटलं रुसलेत. दुसऱ्या दिवशी पण नाही. मग कळलं."

"मग कुकर? खिडक्या? ते कापसाचं भांडण?"

"त्यांना वाटू दे ना की मला वाटतंय अजून ऐकू येतं."

"आई, निदान आम्हाला तरी सांगायचं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी एखादी अगदी साधी गोष्ट विसरले होते. "अगं, त्यांनी मला तरी कुठे सांगितलंय?"

मग तिने पदराला हात पुसले, खुर्चीला वळसा घालून त्यांच्यासमोर गेली, पेपर खाली ओढला आणि तोंड पूर्ण उघडून, हात नाचवत सुरुवात केली. कापूस घातला होता का, खरं सांगा, एकच टेक केला ना, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचंय, तो उजवा कान काय फुकट आलाय का!

पप्पांनी तिचं सगळं बोलणं होऊ दिलं. मग पेपर पुन्हा वर उचलला.

"ऐकू येतंय मला," ते म्हणाले. "ओरडू नकोस."